सीझनवर सीझन: मालिकेचा शेवट आधी ठरलेला असतो का?

शेवटचं_पान
पाच-सहा सीझन चालणारी मालिका लिहायला घेतात तेव्हा तिचा शेवट ठरलेला असतो का? की पहिला सीझन चालला म्हणून वाहिनी 'अजून एक द्या' म्हणते आणि मग सगळे डोकं खाजवत बसतात?

विचारायचं कारण असं की बऱ्याच मालिकांचा प्रवास मला आता एकसारखा दिसायला लागलाय. पहिला सीझन झकास. दुसरा बरा. तिसऱ्यात तीच माणसं तीच भांडणं नव्या जागी जाऊन भांडतात. चौथ्यात कुणाचा तरी आजवर कधीही उल्लेख न झालेला भाऊ उगवतो. पाचव्यापर्यंत आपण 'एवढं बघितलंय तर आता संपवू' एवढ्यासाठीच बसलेले असतो.

माझं मत: शेवट माहीत नसेल तर सुरूच करू नये. प्रेक्षकाची पाच-सहा वर्षं घेताय, तर त्याला कुठे नेताय ते निदान तुम्हाला तरी ठाऊक हवं. ज्यांच्या शेवटावरून लोक चिडले त्या 'लॉस्ट' आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' ही नावं मी घेत नाही, कोणीतरी घेईलच.

दोन विनंत्या. स्पॉयलर असेल तर वर तसं लिहा. आणि डेली सोप या धाग्यात नकोत, तो वेगळा आजार आहे.

निशाचर
लॉस्ट. गेम ऑफ थ्रोन्स.
घेतली नावं. आता कोपऱ्यात बसून वाचतो.

बोरू
शेवट आधी ठरवून केलेल्या मालिकांचा विषय निघाला की अंतराळतळावर घडणारी 'बॅबिलॉन ५' घ्यावीच लागते. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांची गोष्ट आधी आखली आणि मग ती सांगितली. एक सीझन म्हणजे कथेतलं एक वर्ष, दर सीझनला २२ भाग, एकूण ११०. त्यातले बहुतांश भाग त्याने एकट्याने लिहिले; तिसरा आणि चौथा सीझन तर अख्खेच्या अख्खे. पहिल्या सीझनमध्ये कुणीतरी जाता जाता बोललेलं वाक्य पार पुढे जाऊन अंगावर येतं. नव्वदच्या दशकात अमेरिकी टीव्हीवर हे कोणी करत नव्हतं. बहुतेक मालिकांत भाग संपला की सगळं पूर्वपदावर.

तेव्हा शेवटचं_पान यांच्याशी सहमत. आखूनच लिहावं.

अर्धवट
बोरू, त्या आखणीचं पुढे काय झालं तेही सांगा की. पहिल्या सीझननंतर मुख्य नट बाहेर पडला आणि दुसऱ्यापासून तळाचा कमांडरच बदलला. चौथ्या सीझनच्या वेळी पाचवा मिळेल याची खात्री राहिली नाही, म्हणून मोठी युद्धं घाईघाईने उरकली आणि समारोपाचा भागसुद्धा चौथ्याबरोबरच चित्रित करून ठेवला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवा सीझन दिला! झालं, समारोपाचा भाग बाजूला काढून ठेवला आणि मधलं वर्ष भरत बसले. पाचव्याचा पहिला अर्धा भाग आठवा. किती वेळा उठून गेला होतात?

बोरू
उठलो नव्हतो, पण घड्याळाकडे बघत होतो हे मान्य.

तरी एक सांगतो. स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक मुख्य पात्रासाठी चोरदरवाजा ठेवला होता. उद्या हा नट सोडून गेला तर त्याच्या वाट्याचं कथानक कुणाकडे जाईल याचा विचार आधीच केलेला. म्हणूनच कमांडर बदलूनही गोष्ट मोडली नाही. आखणी नसती तर पहिल्याच धक्क्याला बाजार उठला असता.

टिंबटिंब
[स्पॉयलर: ब्रेकिंग बॅड]

या मालिकेत दोन्ही पद्धती एकाच छपराखाली सापडतात म्हणून लिहितो.

दुसरा सीझन आठवा. काही भागांच्या सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या दृश्यात पोहण्याचा तलाव दिसतो आणि त्यात फक्त एक गुलाबी टेडी रंगीत. काय आहे ते कळत नाही. सीझनच्या अगदी शेवटी आकाशात विमानांची टक्कर होते तेव्हा कळतं. ज्या चार भागांत हे दृश्य येतं त्यांची इंग्रजी शीर्षकं ओळीने वाचली तर ती दुर्घटना तिथे आधीच सांगून टाकलेली आहे. म्हणजे तो सीझन पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत आखलेला होता.

आता पाचवा. पहिल्याच दृश्यात नायक वॉल्ट एक भलीमोठी मशीनगन विकत घेतो आणि ती गाडीच्या डिकीत पडलेली दिसते. हे लिहिलं तेव्हा ती कुणावर चालवायची हे लेखकांना ठाऊक नव्हतं. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगनने स्वतः सांगितलंय. पुढचे पंधरा भाग ती बंदूक त्यांच्या उरावर बसली होती.

आता सांगा, दोनातला चांगला सीझन कुठला? माझं मत पाचव्याला. दुसऱ्या सीझनची विमानं मला अजूनही जरा ओढूनताणून वाटतात.

शेवटचं_पान
टिंबटिंब, पण वॉल्टचं काय होणार हे तर ठरलं होतं ना? साध्या मास्तरचा गुन्हेगार होणार, ही मूळ कल्पनाच होती. म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला.

टिंबटिंब
माणूस कुठे पोचणार ते ठरलेलं होतं. कुठल्या रस्त्याने, कुणाबरोबर, किती सीझनमध्ये, यातलं काहीच नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ते दोन कुऱ्हाडवाले अबोल जुळे भाऊ मुख्य खलनायक म्हणून आणले आणि अर्ध्यातच संपवले, कारण ड्रग्जचा धंदा चालवणारा गस फ्रिंग जास्त रंगतदार निघाला. आधी लिहिलेल्या कागदाला चिकटून बसले असते तर अख्खा सीझन कुऱ्हाड घेऊन चालत गेला असता.

खोडरबर
तसंही त्या दोघांना फारसे संवाद नव्हते. लेखकांचं बरंच काम वाचलं असतं.

पडदानशीन
चर्चा छान चाललीय, पण सगळे लेखकाच्या डोक्यातच शिरताय. जरा वाहिनीच्या हिशेबाकडे बघा. सीझनचा आकार तिथे ठरतो.

अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या वाहिन्यांचा सीझन सप्टेंबर ते मे चालायचा, २२ ते २४ भागांचा. मधे जाहिराती, म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी छोटा धक्का. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत प्रेक्षकसंख्या मोजून जाहिरातीचे दर ठरायचे, म्हणून लग्नं, मृत्यू, स्फोट सगळे त्या महिन्यांत. पुढचा सीझन मिळणार की नाही हे मे महिन्यात कळायचं, म्हणजे चालू सीझन लिहून झाल्यावर. आणि शंभरच्या आसपास भाग झाले की पुनःप्रक्षेपणाचे हक्क चांगल्या किमतीला विकले जायचे. ते भाग कुठलीही स्थानिक वाहिनी कुठल्याही क्रमाने दाखवणार, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र असलेला बरा. १९८१ मध्ये 'हिल स्ट्रीट ब्लूज'ने एकाच भागात चार-पाच कथानकं आणि त्यातली काही पुढच्या आठवड्यांत नेणं सुरू केलं, तेव्हा ते धाडस होतं.

२२ भाग सलग एकच गोष्ट सांगणं जवळपास अशक्य आहे. म्हणून तडजोड निघाली: दर आठवड्याला एक सुटी केस आणि मागे मंद आचेवर मोठं कथानक. 'एक्स-फाइल्स'मध्ये आठवड्याचा राक्षस वेगळा आणि परग्रहवासीयांचं कारस्थान वेगळं. 'बफी'ने त्यात सुधारणा केली. दर सीझनला एक मुख्य शत्रू, तो त्या सीझनच्या शेवटी संपणार. पुढच्या वर्षी नवा. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. प्रेक्षकाला दरवर्षी एक पूर्ण गोष्ट मिळते, आणि मालिका बंद पडलीच तर कोणी लोंबकळत राहत नाही. 'बफी'चा पाचवा सीझन तर चक्क शेवटच वाटावा असा संपतो. मग ती दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि आणखी दोन सीझन झाले.

पुढे केबलने १३ भाग केले, स्ट्रीमिंगने आठ-दहा. तिथे सुटी केस गेली आणि सगळंच मोठं कथानक झालं. आता तक्रार उलटी आहे. आठ भागांपैकी मधले चार नुसते चालत असतात. चार तासांच्या सिनेमाएवढी गोष्ट आठ तासांत पसरली की पाणी घातलेलं कळतंच.

रिकामटेकडी
पडदानशीन, दंडवत! शेवटच्या परिच्छेदाला तर दोनदा सहमत. हल्ली 'पाचव्या भागापासून पकड घेते' असं कोणी म्हटलं की मी नमस्कार करून निघते.

जुनी_कॅसेट
मे महिन्याच्या धक्क्यावरून 'डॅलस' आठवलं. मार्च १९८० मध्ये सीझन संपताना खलनायक जे. आर. ला कोणीतरी गोळी घालतं. कोणी, ते पुढच्या सीझनला. मग नटांचा संप झाला आणि उत्तर मिळायला २१ नोव्हेंबर उजाडला. आठ महिने 'जे. आर. ला गोळी कोणी घातली' यावर लोक पैजा लावत होते. सीझनच्या शेवटी अशी गाठ मारून ठेवायची, ही सवय तिथून सगळ्यांना जडली.

त्याच मालिकेचा दुसरा पराक्रम. जे. आर. चा भाऊ बॉबी मेला. नट सोडून गेला होता. एक वर्ष त्याच्याशिवाय चाललं, प्रेक्षक घटले, नट परत आला. आता मेलेला माणूस आणायचा कसा? १९८६ मध्ये बॉबीची बायको पॅम सकाळी उठते, न्हाणीघराचं दार उघडते आणि आत बॉबी अंघोळ करतोय. मधलं अख्खं वर्ष तिला पडलेलं स्वप्न.

खोडरबर
एवढं लांब स्वप्न पडलं आणि अलार्म वाजला नाही?

अर्धवट
खोडरबर, हसू नका. त्या वर्षात जे जे लिहिलं गेलं, नवी पात्रं, लग्नं, धंद्यातली भांडणं, सगळं एका दारामागे गेलं. ज्या लेखकांनी ते वर्षभर लिहिलं त्यांना काय वाटलं असेल?

कारकून
धागाकर्त्यांनी डेली सोपला दारातच अडवलंय. तरी घुसतो, कारण अर्धवट यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी काही काळ एका दैनंदिन मालिकेसाठी संवाद लिहायचो. मालिका आणि वाहिनी सांगणार नाही, विचारू नका.

त्यांना काहीही वाटत नाही. वाटायला वेळच नसतो.

आमच्याकडे शेवट हा शब्द कोणी उच्चारत नसे. आमचं एकक 'ट्रॅक'. नणंदेचा ट्रॅक, कारखान्याचा ट्रॅक, हरवलेल्या मुलीचा ट्रॅक. एक संपत आला की दुसरा आधीच सुरू झालेला हवा, म्हणजे प्रेक्षकाला उठायला फट मिळत नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. आकडा पडला की दुपारी मीटिंग, आणि संध्याकाळी कळायचं की नणंद आता चांगली झाली आहे. बँकेत, म्हणजे साठ्यात, चार भाग तयार असले तर नशीब. कधी कधी सकाळी लिहिलेला सीन त्याच दुपारी शूट व्हायचा.

आणि सगळे ट्रॅक संपले की 'लीप'. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ चालली, १८०० हून जास्त भाग. त्यात वीस वर्षांची उडी एका झटक्यात मारली. मिहीर मेला, प्रेक्षकांनी आकांत केला, मिहीर परत आला. बॉबीच्या बायकोला निदान स्वप्न तरी पडलं.

तर शेवटचं_पान, तुम्ही म्हणता तो आजार वेगळा नाही. तोच आहे. त्यांना वर्षातून एकदा मे महिन्यात ताप येतो, आम्हाला दर गुरुवारी.

शेवटचं_पान
कारकून, बंदी उठवली. अजून लिहा.

निशाचर
कारकूनदादा, एक शंका. कुणी तोंड फिरवलं की तीन कोनांतून तीनदा दाखवायचं, हे लेखनात असतं का?

कारकून
लेखनात एकदाच असतं. बाकी दोन संकलकाचे. भाग दीड मिनिटाने कमी पडलेला असतो.

मधलं_बोट
आपल्याकडे सीझनचा विचार करून केलेलं एक उदाहरण आहे, ते म्हणजे 'रात्रीस खेळ चाले'. २०१६ मध्ये पहिलं पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झालं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात काळच मागे नेला, अण्णा हयात, आणि शेवंता आली. २०२१ च्या तिसऱ्यात पुन्हा पुढे. पुढे काय झालं हे प्रेक्षकाला आधीच माहीत असताना दुसरं पर्व तुफान चाललं. शेवट कळल्याने रस जातो असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

टिंबटिंब
मधलं_बोट, सहाशे टक्के. 'बेटर कॉल सॉल' तेच करते. जिमी पुढे सॉल होणार, कुठे जाणार, सगळं 'ब्रेकिंग बॅड'मध्ये बघून झालेलं. तरी सहा सीझन आपण त्याच्या जोडीदार किम वेक्सलरसाठी जीव मुठीत धरून बसलो, कारण ती पुढच्या गोष्टीत कुठेच नव्हती. ज्याचं भविष्य माहीत आहे त्याच्या शेजारी ज्याचं माहीत नाही त्याला उभं करायचं. हुशारी आहे राव.

पडद्यामागचा
अवांतर: दोन सीझनमध्ये दोन-तीन वर्षं जातात त्याबद्दल कोणीच का बोलत नाही? 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा तिसरा २०१९ ला, चौथा २०२२ ला. कथेत काही महिने गेलेले आणि पोरांना मिशा फुटलेल्या. मागच्या सीझनमधलं कोण कोणाचं काय, हे आठवायला दरवेळी यूट्यूबवर सारांश बघावा लागतो. पूर्वी दर सप्टेंबरला मालिका यायची तेव्हा निदान ओळख राहायची.

रिकामटेकडी
मी 'मागील भागात' कधीच गाळत नाही. त्यात कोणाचा चेहरा दाखवतात यावरून आज कोण मरणार ते कळतं.

खोडरबर
जो सेवानिवृत्तीबद्दल आणि होडी घेण्याबद्दल बोलतो तो. सारांश बघायची गरज नाही.

बोरू
मूळ विषयाकडे. नट, संप, मृत्यू यांनी योजना उधळतात हे खरं, पण त्यातून काय करता ते महत्त्वाचं. [स्पॉयलर: द सोप्रानोज] माफिया टोळीप्रमुख टोनीच्या आईची भूमिका करणाऱ्या नॅन्सी मर्चंड यांचं २००० मध्ये दोन सीझनच्या मधे निधन झालं. ती आई टोनीविरुद्ध साक्ष देणार, असा पुढचा धागा होता. तो सोडावा लागला. आधीच्या फिती जोडून एक प्रसंग उभा केला, तो बघवत नाही. पण त्यानंतर आईचा अंत्यविधी, आणि कोणालाच तिच्याबद्दल एकही चांगली गोष्ट सांगता येत नाही, हा भाग ठरवूनही लिहिता आला नसता.

रिकामटेकडी
इथे सगळे 'आखून' विरुद्ध 'न आखता' असे दोन गट करून बसलेत. 'द वायर' कुठल्या गटात घालाल?

पाच सीझन, २००२ ते २००८, साठ भाग. पहिल्यात अमली पदार्थांचा धंदा आणि त्यामागे लागलेले पोलीस. दुसऱ्यात अचानक बंदरावरचे हमाल आणि त्यांची युनियन. तिसऱ्यात महापालिकेचं राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. शहर तेच, बाल्टिमोर. प्रत्येक वेळी नवा मजला बांधतात आणि खालची माणसं तिथेच राहत असतात. डेव्हिड सायमन तिथलाच गुन्हे वार्ताहर, त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस आणि नंतर शाळामास्तर. त्यांना पुढच्या सीझनसाठी हरवलेला भाऊ शोधावा लागला नाही, कारण शहरातलं न दाखवलेलं खातं दरवेळी शिल्लक होतंच.

त्यामुळे शेवट आधी ठरवला होता का, हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. 'खुनी कोण' असा प्रश्न असेल तर त्याला शेवट लागतो. 'हे शहर असं का चालतं' याला कसला शेवट?

शेवटचं_पान
मी 'द वायर' दुसऱ्या सीझनला सोडली होती. एकदम सगळे नवे चेहरे, कंटेनर आणि बंदर. वाटलं, चुकून दुसरीच मालिका लागली.

रिकामटेकडी
सगळ्यांना तसंच वाटतं. थांबा फक्त. युनियनचा नेता फ्रँक सोबोत्काने नाही रडवलं तर मला धाग्यावरून हाकला.

अर्धवट
रिकामटेकडी, 'खुनी कोण' बरोबर पकडलंत. 'ट्विन पीक्स' बघा. १९९० मध्ये अख्खी अमेरिका एका प्रश्नावर लटकली होती: लॉरा पामरला कोणी मारलं? मालिकेचा एक कर्ता डेव्हिड लिंचला उत्तर द्यायचंच नव्हतं. वाहिनीला हवं होतं. दुसऱ्या सीझनच्या मध्याआधीच उत्तर दिलं, आणि उरलेल्या भागांत मालिका रस्ता शोधत फिरली. १९९१ मध्ये बंद. उत्तर न दिल्याबद्दल लोक चिडतात आणि दिलं की उठून जातात!

मधलं_बोट
म्हणजे रहस्य एका सीझनचंच असावं. 'मनी हाईस्ट' मुळात एकाच दरोड्याची आणि संपणारी गोष्ट होती, २०१७ मध्ये स्पेनच्या वाहिनीवर. नेटफ्लिक्सने घेतली, जगभर गाजली, मग पुढचे भाग. पहिल्यांदा टांकसाळ, नंतर बँक ऑफ स्पेन. शेवटचं_पान यांचं 'तीच भांडणं नव्या जागी' हुबेहूब.

कोरियन मालिका मला यासाठी आवडतात. बहुतेक सोळा भाग, एक सीझन, विषय संपला. नायिका नायकाला कधी हो म्हणणार हे भागाच्या क्रमांकावरून सांगता येतं, पण निदान म्हणते.

जुनी_कॅसेट
लॅटिन अमेरिकेतल्या टेलिनोव्हेलाही तशाच. रोज असतात, पण काही महिन्यांत संपतात, आणि शेवटचा भाग हा सोहळा असतो. आपली 'हम लोग' १९८४ मध्ये आली ती मेक्सिकोच्या त्याच नमुन्यावरून. दीडशेच्या वर भागांत संपली. अशोक कुमार शेवटी येऊन बोलायचे. लांबलचक मालिका संपवता येते हे आपल्याला तेव्हा ठाऊक होतं.

कारकून
जुनी_कॅसेट, तेव्हा गुरुवार नव्हता.

पडदानशीन
उशिरा का होईना मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मला वाटतं, शेवट माहीत असण्यापेक्षा लांबी माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

'लॉस्ट'वर सगळे तुटून पडतात, पण तिचंच उदाहरण बघा. पहिले तीन सीझन किती चालायचंय हे कोणालाच माहीत नव्हतं. विमान कोसळून बेटावर अडकलेली माणसं, पण बेट सोडून जाता येत नाही, कारण मग मालिका संपते. रहस्य उलगडता येत नाही, त्याच कारणाने. म्हणून नुसतं फ्लॅशबॅकमागून फ्लॅशबॅक. तिसऱ्या सीझनमध्ये तर नायकाच्या दंडावरच्या गोंदणांसाठी एक अख्खा भाग खर्ची पडला. निर्माते वाहिनीकडे शेवटची तारीख मागत होते आणि तो भाग त्यांच्या बाजूचा पुरावाच ठरला. मे २००७ मध्ये एबीसी वाहिनीने जाहीर केलं: आणखी ४८ भाग, तीन सीझन, २०१० मध्ये समाप्ती. [स्पॉयलर] आणि त्याच महिन्यात तिसऱ्याचा शेवट आला, ज्यात आपण फ्लॅशबॅक समजून बघत असलेलं दृश्य भविष्यातलं निघतं. किती राहिलंय ते कळलं आणि गोष्ट लगेच पुढे धावली. शेवट आवडला की नाही ते बाजूला ठेवा, चौथा सीझन कसा सुटलाय ते बघा.

'दि अमेरिकन्स'ला तर २०१६ मध्ये शेवटचे दोन सीझन एकदमच मिळाले. रशियन हेर जोडपं, मुलगी, शेजारी राहणारा एफबीआयवाला. पहिल्या भागापासून आपण एकाच प्रसंगाची वाट बघतो: शेजाऱ्याला कधी कळणार. ७५ भागांची मालिका, आणि तो प्रसंग शेवटच्या भागात, वाहनतळात, दहा-अकरा मिनिटं, नुसतं बोलणं. बेभरवशी वर्षांवर चालणाऱ्या मालिकेला एवढा धीर परवडला नसता. तिने तिसऱ्यातच पत्ता टाकला असता.

बोरू
कालप्रवासाची जर्मन मालिका 'डार्क' याच यादीत घाला. तीन सीझन, २६ भाग, वर खिळा ठोकून बंद. चौथा मागितला तर वंशवृक्ष काढायला भिंत पुरणार नाही.

निशाचर
पडदानशीन, मान्य, पण मग गेम ऑफ थ्रोन्स? त्यांना शेवटाचे मुख्य टप्पे मूळ लेखकाकडून कळले होते. लांबी त्यांनीच ठरवली. दोन्ही माहीत होतं. तरी शेवटी तेच झालं.

पडदानशीन
पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात, आठवा सहा. पहिल्या सीझनमध्ये राजधानीपासून उत्तरेला जायला महिना लागायचा आणि सातव्यात माणसं दोन दृश्यांत पोचू लागली. वाहिनीची आणखी द्यायची तयारी होती. लांबी माहीत होती, पण ती गोष्टीच्या मापाची नव्हती.

शेवटचं_पान
हे मला पटत नाही. सिंहासनामागे लागलेल्या डॅनीचं शेवटी जे झालं त्याला दहा भाग दिले असते तरी लोक ओरडलेच असते. तिची चाल आधीच्या सीझनमध्ये पेरायला हवी होती, आणि पेरणी करायची तर शेवट माहीत हवा. लांबी वाढवून ते साधत नाही.

टिंबटिंब
पेरलेलं आहे हो. पहिल्या सीझनपासून ती लोकांना जाळतेय. फक्त तेव्हा जळणारी माणसं आपल्याला आवडत नव्हती, म्हणून आपण टाळ्या वाजवल्या.

शेवटचं_पान
टिंबटिंब, याला मी उद्या सविस्तर उत्तर देणार आहे. आज 'द वायर'चा दुसरा सीझन लावलाय. दोन भाग झाले. अजून कंटेनरच चालू आहेत.

कारकून
तोपर्यंत डेली सोपचा वेगळा धागा काढू का? भागसंख्येची मर्यादा नको.

निशाचर
काढा. नणंदेपासून सुरुवात करा.